सात नोडचं बॅकअप क्लस्टर आणि पडलेला नोड : प्रकल्प नोंदी

१२ मे २०२५, सोमवार

पावसाळा लागायच्या आत नोड पडण्याच्या सगळ्या तऱ्हा मुद्दाम घडवून पाहायच्या आणि प्रत्येक तऱ्हेला काय करायचं ते कागदावर उतरवायचं, एवढंच काम. नोड म्हणजे डिस्कनी भरलेला एकेक सर्व्हर, क्लस्टर म्हणजे त्यांचा एकत्र चालणारा गट. क्लस्टर सेफचं (बऱ्याच सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा करणारं सॉफ्टवेअर), आवृत्ती १९.२, म्हणजे स्क्विड. सगळं सेफएडीएमने, म्हणजे सेफच्याच बसवणीच्या साधनाने, चढवलेलं. (‘सेफ’ ऐकून तिजोरी आठवते, पण नाव आलंय सेफॅलोपॉडवरून.)

मांडणी अशी: सात नोड. प्रत्येकात १६ टीबीच्या १२ फिरत्या डिस्क, त्यांच्या ब्लूस्टोअर डीबीसाठी (डिस्कवर काय कुठे आहे याची नोंद) दोन एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी (सहा-सहा डिस्कना एक), आणि गेटवेच्या (बॅकअप आत घेणारा सेफचा दरवाजा) इंडेक्ससाठी आणखी एक एनव्हीएमई. म्हणजे नोडमागे १३ ओएसडी (ओएसडी म्हणजे एकेक डेटा-डिस्क सांभाळणारी सेफची प्रोसेस). ओएस दोन छोट्या एसएसडींवर, आरशासारखी जोडी करून. २५ गिगाबिटचे दोन पोर्ट एलएसीपी बाँडमध्ये, म्हणजे दोन पाय मिळून एक दुवा. बॅकअप रात्री १० ते पहाटे ५ या वेळात एस-थ्री गेटवेतून येतो, एका रात्रीत साधारण ८-९ टीबी.

डेटाचा पूल इरेझर कोडिंगचा, ४+२: प्रत्येक वस्तूचे चार डेटा-तुकडे आणि दोन पॅरिटी-तुकडे, सहाही वेगवेगळ्या नोडवर. इंडेक्सचा पूल मात्र तीन प्रतींचा, कारण गेटवेचा इंडेक्स ओमॅपमध्ये (वस्तूला जोडलेली किल्ली-मूल्यांची यादी) राहतो आणि इरेझर कोडिंगचे पूल ओमॅप घेत नाहीत.

सहा तुकड्यांना सात नोड का? सहा नोडवरही ४+२ चालतं, आणि बरेच जण तसंच लावतात. पण सहापैकी एक नोड गेला की सहावा तुकडा ठेवायला जागाच उरत नाही. पीजी (प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे एकत्र ठेवल्या जाणाऱ्या वस्तूंचा गट) ‘अंडरसाइज्ड’ होऊन तसेच पडून राहतात. क्लस्टर वाट पाहतं, बरं होत नाही. सातवा नोड असेल तरच ‘आपोआप बरं होणं’ या शब्दांना अर्थ आहे.

आणि त्या सातव्या नोडची किंमत जागेत मोजावी लागते. एकूण कच्ची जागा ८४ × १६ = १३४४ टीबी, ४+२ मुळे वापरायची ८९६. एक नोड गेल्यावर उरलेल्या सहांत सगळं बसायला हवं, आणि तेही ८५ टक्क्यांच्या ‘निअरफुल’ रेषेखाली. ०.८५ × ६ ÷ ७ = ०.७२८. म्हणजे सातही नोड चालू असताना ७२ टक्क्यांच्या वर भरलं, की नोड गेल्याच्या दिवशी जागेची बोंब. ९० टक्क्यांना बॅकफिल (डिस्कवर डेटा नव्याने भरणं) थांबतं, ९५ ला लिहिणंच बंद. हे आकडे सरासरीचे नव्हेत. सगळ्यांत भरलेली एक डिस्क ठरवते. बॅलन्सर कितीही चांगला असला तरी दोन-चार टक्क्यांचा फरक राहतोच, म्हणून आपली रेषा ६८ टक्के. खरेदीची मागणी ६२ टक्क्यांनाच पाठवायची, कारण डिस्क येईपर्यंत बॅकअप थांबत नाहीत.

१३ मे, मंगळवार

केबल ओढण्याआधी कागदी चाचणी. एक नोड गेल्यावर क्रशला (कुठला तुकडा कुठल्या ओएसडीवर जाईल हे ठरवणारं सेफचं गणित) बरोब्बर सहा नोडमधून सहा निवडायचे असतात. क्रश यादीतून निवडत नाही. तो हॅश काढतो, आधीच घेतलेला नोड आला की पुन्हा प्रयत्न करतो, आणि ठरावीक प्रयत्नांनंतर सोडून देतो. सातातून सहा सहज मिळतात, सहातून सहा मिळवताना शेवटच्या तुकड्याला बरेच फेरे पडतात. सोडून दिलं की त्या पीजीच्या यादीत २१४७४८३६४७ असा विचित्र आकडा दिसतो. तो ओएसडीचा क्रमांक नाही, ‘कोणी नाही’ याची खूण आहे. नवखा माणूस त्या क्रमांकाची डिस्क शोधत बसतो.

पडताळणी चालू क्लस्टरला हात न लावता होते. ‘सेफ ओएसडी गेटक्रशमॅप’ने नकाशा फाइलमध्ये घ्यायचा, मग ‘क्रशटूल’ला टेस्ट, नियमाचा क्रमांक, सहा प्रती आणि ‘शो-बॅड-मॅपिंग्ज’ सांगायचं. नोड ४ गेला असं दाखवायला त्यातल्या ३६ ते ४७ या प्रत्येक ओएसडीचं वजन शून्य द्यायचं. वाईट मॅपिंग आलं तर नियमातलं ‘सेट चूझ ट्राइज’ १०० वरून २०० करायचं, नकाशा पुन्हा बांधायचा आणि पुन्हा चाचणी. सातही नोड एकेक करून वगळून पाहायचे. एकाचं निष्पन्न दुसऱ्याला लागू धरायचं नाही.

१५ मे, गुरुवार

नोड तीन प्रकारे मरतो, आणि तिन्हींचा बाहेर दिसणारा परिणाम वेगळा.

पहिला, नीट बंद केलेला. ओएसडी जाताना मॉनिटरला (क्लस्टरचा नकाशा आणि कोण जिवंत याची नोंद ठेवणारी प्रोसेस) सांगून जातो; लगेच ‘डाउन’. लिहिणाऱ्याला जेमतेम झटका.

दुसरा, प्रोसेस मेली पण यंत्र जिवंत. शेजारी ओएसडी जोडणी करायला जातो, कर्नल ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणतो, आणि तेवढ्यावर सेफ लगेच निर्णय घेतो. म्हणून ‘किल -९’ करून “नोड पडण्याची चाचणी झाली” असं लिहिणं चूक आहे. ती प्रोसेस पडण्याची चाचणी झाली.

तिसरा, वीज गेलेला. कोणी काही सांगत नाही, कोणी नकारही देत नाही. दर ६ सेकंदांच्या आसपास जाणारा हार्टबीट, म्हणजे ‘जिवंत आहेस का?’ ही विचारणा, उत्तराविना राहतो, २० सेकंदांची मुदत संपते, मग शेजारी मॉनिटरकडे तक्रार करतात. निदान दोन तक्रारदार लागतात, आणि ते दोन वेगवेगळ्या नोडवरचे. एकाच नोडवरचे तेरा ओएसडी मिळून एकच तक्रारदार धरले जातात. हा नियम सोन्यासारखा आहे. नाहीतर ज्याची स्वतःची केबल सैल तोच बाकीच्या सहांना मेलेलं ठरवेल.

तर आजची चाचणी तिसऱ्या प्रकाराची: नोड ४, दोन्ही पॉवर केबल हाताने उपसल्या. आयपीएमआयवरून (दुरून यंत्र चालू-बंद करायची सोय) ‘पॉवर ऑफ’ केलं नाही, कारण त्यात ती सोय चालवणारा बीएमसी जिवंत राहतो आणि काही नेटवर्क कार्डांचा दुवाही स्टँडबाय विजेवर पेटलेला राहतो. स्विचच्या दृष्टीने ते वेगळं मरण.

क्रम असा दिसतो: आधी व्हर्च्युअल आयपी, म्हणजे गेटवेंचा सामाईक पत्ता, हलतो (कीपअलाइव्हडीची जाहिरात सेकंदाला एक, तीन चुकल्या की दुसरा उचलतो), पण गेटवे दुसरीकडे गेला तरी त्याच्या मागचे पीजी अजून मेलेल्या ओएसडीची वाट पाहत असतात. २० सेकंदांनंतर ‘डाउन’, मग पीअरिंग (उरलेल्या ओएसडींनी पीजीची स्थिती आपसात जुळवणं), मग लिहिणं पुन्हा सुरू. ज्या बॅकअप क्लायंटची टाइमआउट ३० सेकंद आहे तो इथे काठावर असतो. सगळ्या क्लायंटची टाइमआउट १२० आणि पुन:प्रयत्न किमान ५ अशी मागणी बॅकअपच्या गटाकडे दिली.

ही २० सेकंदं कमी करायचा मोह होतो. करू नये. आणि ती कायम २० च राहतात असंही नाही: एखादा ओएसडी पूर्वी उगाच ‘डाउन’ धरला गेला असेल, तर मॉनिटर त्याच्या इतिहासावरून मुदत वाढवत नेतो.

अर्ध्यात तुटलेले मल्टिपार्ट (भागाभागाने होणारे) अपलोड हा शांत कचरा. क्लायंट नव्याने अपलोड सुरू करतो, जुन्याचे तुकडे बकेटमध्ये तसेच राहतात, यादीत दिसत नाहीत, जागा मात्र खातात. प्रत्येक बकेटला लाइफसायकल नियम लावला: अपुरं अपलोड ३ दिवसांनी रद्द.

१६ मे, शुक्रवार

‘डाउन’ आणि ‘आउट’ यांत गल्लत नको. डाउन म्हणजे उत्तर देत नाही. आउट म्हणजे आता त्याचा हिस्सा दुसऱ्यांना वाटा. मूळ सेटिंगमध्ये डाउन झाल्यावर ६०० सेकंदांनी आउट होतं. बॅकअपच्या क्लस्टरसाठी ही दहा मिनिटं फार घाईची आहेत. डिस्कनी भरलेला सर्व्हर नुसता रीबूट झाला तरी मेमरीची तपासणी, एचबीए (डिस्क जोडणारं कार्ड), एकेक डिस्क फिरवणं यात बराच वेळ जातो.

नोड आउट झाला तर काय हलतं ते पाहू. १२ × १६ = १९२ टीबी, ६८ टक्के भरलेला म्हणजे १३० टीबी पुन्हा बांधायचे. इरेझर कोडिंगमध्ये एक तुकडा बांधायला चार वाचावे लागतात: ५२२ टीबी वाचन. उरलेल्या ७२ डिस्कवर वाटलं तर डिस्कमागे १.८ टीबी लिहिणं आणि ७.२ टीबी वाचणं, मिळून ९ टीबी. रिकव्हरीला डिस्कमागे सेकंदाला ५० एमबी मिळाले असं धरलं तर ५० तास, आणि तेही मधल्या दोन रात्रींचे बॅकअप मोजायच्या आत. एक सॅटाची केबल, एक मदरबोर्ड, एक जळलेला पीएसयू (वीजपुरवठ्याचा डबा) यांच्यापायी एवढी उठाठेव?

या सगळ्या कामाचं सूत्र एकच ठेवलंय: नोड पडला की आधी ठरवायचं, डिस्क मेल्या की फक्त त्यांच्या भोवतीची पेटी मेली. बहुतेक वेळा पेटी मरते. मग डेटा हलवायचा नाही, डिस्क हलवायच्या.

त्यासाठी ‘मॉन ओएसडी डाउन आउट सबट्री लिमिट’ हे मूळच्या ‘रॅक’वरून ‘होस्ट’ केलं. आता पूर्ण नोड पडला तर आपोआप आउट होत नाही. एकटी डिस्क मेली तर पूर्वीसारखीच दहा मिनिटांनी होते. एक खोच: ‘पूर्ण’ म्हणजे तेराच्या तेरा. बारा पडले आणि एक तग धरून राहिला, तर तो नोड ‘पूर्ण पडलेला’ नाही आणि बाराही आउट होतात. एचबीए मेला की अगदी हेच होतं, कारण फिरत्या डिस्क त्याच्यामागे आणि इंडेक्सची एनव्हीएमई थेट पीसीआय-एक्सप्रेसवर. अशा वेळी पहिली कृती ‘सेफ ओएसडी सेट-ग्रुप नोआउट नोड-४’. संपूर्ण क्लस्टरला ‘नोआउट’ लावायचं नाही. विसरलं की दुसऱ्या नोडवरची खरोखर मेलेली डिस्कही तशीच पडून राहते.

किती वेळ थांबता येतं? दोन घड्याळं. एक सुरक्षिततेचं: एक नोड नसताना पाच तुकडे उरतात, म्हणजे आणखी एक फटका सोसतो, पण तो सोसताना लिहिणं थांबतं (पुढची नोंद). दुसरं पीजीच्या नोंदवहीचं: नोड परत आल्यावर चुकलेल्या नोंदी नोंदवहीत असतील तर तेवढ्याच वस्तू भरल्या जातात, नोंदवही मागे पडली असेल तर पूर्ण बॅकफिल, म्हणजे सगळं पुन्हा चाळणं. पीजी २०४८, ओएसडीमागे २०४८ × ६ ÷ ८४ = १४६. ओएसडीमागे नोंदींचं लक्ष्य ३ लाख, म्हणजे पीजीला साधारण २०५० नोंदी, सगळे मिळून ४२ लाख. गेटवे ४ एमबीचे तुकडे लिहितो. कागदावर १७ टीबी होतात. त्यातून जुने बॅकअप खोडण्याच्या नोंदी वजा. एक रात्र निभते, दोन रात्रींचा भरवसा नाही. म्हणून नियम: दुसऱ्या रात्रीचा बॅकअप सुरू व्हायच्या आत पेटी बदलून झाली पाहिजे, नाहीतर नोड आउट करायचा निर्णय हाताने घ्यायचा.

१९ मे, सोमवार

दोन नोड एकदम: ४ आणि ६. अपेक्षेप्रमाणे बरेचसे पीजी ‘इनॲक्टिव्ह’, बॅकअप थांबले. डेटा पूर्ण शाबूत आहे, चार तुकडे हातात आहेत, तरी सेफ वाचू-लिहू देत नाही, कारण पूलचा ‘मिन साइझ’ ४+२ साठी मुळात ५ असतो. हेतू योग्य आहे: चारच तुकड्यांवर नवं लिहिलं आणि लगेच एक डिस्क गेली, तर ते नवं लिखाण परत जुळवता येत नाही.

अशा वेळी ‘मिन साइझ ४ करा, सगळं चालू होईल’ हा सल्ला हमखास मिळतो. तो जुना आहे. ऑक्टोपस आवृत्तीपासून मिन साइझच्या खाली असतानाही, चार तुकडे असतील तर रिकव्हरी चालते. त्यासाठी काही कमी करावं लागत नाही. तातडीचं रिस्टोअर हवं असेल तरच ४ करायचं, बॅकअपची कामं आधी बंद ठेवून, आणि रिस्टोअर झाल्याबरोबर ५ वर आणायचं. बदल करणाऱ्याने वेळ लिहून दुसऱ्या माणसाला सांगायची. विसरलेला मिन साइझ आरोग्याच्या पानावर कुठलीही खूण उमटवत नाही.

२१ मे, बुधवार

अर्धमेला नोड. मेलेला परवडला, हा नको.

नोड ३ चा नेटवर्क दुवा पूर्ण तोडला तर चित्र स्वच्छ असतं: डाउन होतो, डाउन राहतो. ओएसडी परत यायच्या आधी स्वतःची तपासणी करतो. हार्टबीटच्या सोबत्यांपैकी ३३ टक्क्यांपेक्षा कमी दिसले तर तो आपणहून बाहेर थांबतो. खरा ताप बाँडच्या एका पायात असतो. दुवा पेटलेला, पण पॅकेट मुकाट गायब होतात. हॅशप्रमाणे काही जोडण्या चांगल्या पायावर पडतात, काही वाईट. वाईटवाले शेजारी तक्रार करतात, नोड डाउन होतो. पण जवळजवळ अर्धे सोबती दिसत असल्यामुळे ओएसडीच्या मते तो ठणठणीत असतो, ‘मला चुकून डाउन केलं’ असं लॉगमध्ये लिहून परत येतो. प्रत्येक फेरीत त्या नोडवरच्या १२ × १४६ पीजींचं पीअरिंग. ६०० सेकंदांत ५ वेळा असं झालं की ओएसडी स्वतःच बंद होतो, पण तोवर सगळं क्लस्टर रडकुंडीला आलेलं असतं.

निदान: आरोग्याच्या पानावर ‘स्लो पिंग टाइम बॅक’ किंवा ‘फ्रंट’चा इशारा (मुदतीच्या ५ टक्के, म्हणजे १ सेकंदाच्या वर), आणि ‘डम्प ओएसडी नेटवर्क’मध्ये कुठल्या जोड्या हळू आहेत ते. हळू जोड्यांमध्ये एकच नोड सामाईक निघाला की चोर सापडला. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सुद्धा पाहायचा: ‘पिंग -एम डू -एस ८९७२’ प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडला. स्विच बदलताना एका पोर्टवर ९००० लावायचं राहतं. सेफचे हार्टबीट मुद्दाम किमान २००० बाइटचे केलेले असतात ते यासाठीच. छोटे असते तर १५०० च्या पोर्टातून मजेत गेले असते आणि डेटा मात्र अडकला असता.

उपाय: अर्धमेल्याला पूर्ण मारा. स्विचवर वाईट पाय बंद करा. कुठला पाय ते कळत नसेल तर त्या नोडवरचे सगळे ओएसडी थांबवा. क्लस्टरवर ‘नोडाउन’ लावून फडफड झाकायची नाही. त्याने डाउन-अप थांबतं, पण पीजी मेलेल्या जोडणीची वाट पाहत अडकून राहतात.

२३ मे, शुक्रवार

डिस्क हलवणं. राखीव रिकामी पेटी त्याच नमुन्याची, खालच्या खणात ठेवलेली.

आधी: ‘ओके-टू-स्टॉप’ला ३६ ते ४७ आणि ८७ विचारले, ‘सेट-ग्रुप नोआउट’ लावलं, नोड बंद केला. मग १२ डिस्क, ३ एनव्हीएमई आणि ओएसच्या २ एसएसडी उचलून राखीव पेटीत. डिस्क कुठल्या खणात बसते याला महत्त्व नाही. ओएसडीचा क्रमांक आणि ओळख एलव्हीएमच्या (डिस्कचे विभाग सांभाळणारी लिनक्सची सोय) टॅगमध्ये लिहिलेली असते. डीबीच्या एनव्हीएमई मात्र मागे राहिल्या तर बाराही डिस्क निरुपयोगी, म्हणून त्यांच्यावर लाल चिकटपट्टी.

ओएसही सोबत आल्यामुळे नाव तेच राहतं, आणि हे फार महत्त्वाचं. ओएसडी सुरू होताना क्रशमध्ये स्वतःला यंत्राच्या नावाखाली नोंदवतो. नव्या पेटीचं नाव वेगळं असेल तर नकाशाच बदलतो आणि एकही डिस्क न मरता शेकडो टीबी हलायला लागतात.

अडलं ते पुढे. पहिलं, एचबीए: राखीव पेटीचं कार्ड रेड (आरएआयडी, म्हणजे डिस्कचे गट कार्डच बनवतं) मोडमध्ये होतं आणि बूट होताना ‘फॉरेन कॉन्फिग’ विचारत होतं. इथे ना इम्पोर्ट, ना क्लिअर. बाहेर पडायचं, डिस्क बाहेर ओढायच्या, कार्ड आधी साध्या एचबीए मोडला आणायचं. रेड कार्डं डिस्कच्या टोकाला आपली माहिती लिहितात. दुसरं, बूट: यूईएफआयची बूट-नोंद मदरबोर्डावर असते, डिस्कवर नाही, बूट मेनूतून एसएसडी हाताने निवडावी लागली. तिसरं, नेटवर्क पोर्टांची नावं: कार्ड वेगळ्या स्लॉटमध्ये, म्हणून नाव वेगळं, म्हणून बाँड रिकामा. बाँडची फाइल मॅक पत्त्याशी बांधलेली असेल तर तीही बदलायची.

यावरून राखीव पेटीसाठी तीन अटी: कार्ड एचबीए मोडमध्ये आणि फर्मवेअर चालू नोडइतकंच, नेटवर्क कार्ड त्याच स्लॉटमध्ये, मॅक पत्ते आधीच लिहून पेटीवर चिकटवलेले.

२६ मे, सोमवार

फक्त ओएसच्या दोन्ही एसएसडी गेल्या, डेटा शाबूत. लोक इथे घाबरून नोड क्लस्टरमधून काढून टाकतात आणि १३० टीबी नव्याने बांधतात. गरज नाही.

इन्स्टॉलर लावायच्या आधी डेटाच्या सगळ्या डिस्क अर्ध्या बाहेर ओढायच्या. इन्स्टॉलरला ‘सगळ्या डिस्क’ फार आवडतात. ओएस चढली, तेच नाव, तोच आयपी, क्रोनी (घड्याळ जुळवणारं), पॉडमॅन (कंटेनर चालवणारं), एलव्हीएम. मग क्लस्टरची सार्वजनिक एसएसएच किल्ली रूटच्या खात्यात टाकायची, डिस्क आत ढकलायच्या, ‘सेफ सेफएडीएम चेक-होस्ट’, आणि शेवटी ‘सेफ सेफएडीएम ओएसडी ॲक्टिव्हेट नोड-४’. ओएसडी जुन्याच क्रमांकांनी उभे राहतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या असल्या तरी चालतं. किल्ल्या मॉनिटरकडे असतात, नोडवर नाहीत.

आरएचईएल ९ च्या घराण्यातल्या ओएसवर एक अडचण येते: इन्स्टॉलर एलव्हीएमच्या डिस्कची यादी करून ठेवतो आणि त्यात फक्त ओएसच्या डिस्क असतात. बाकीचे व्हॉल्यूम ग्रुप दिसतच नाहीत. ‘व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस’ सगळ्यांसाठी चालवलं की दिसतात. तोवर “डेटा पुसला गेला” म्हणून आरडाओरडा करायचा नाही.

आणि ओएसडीचा सर्व्हिस-स्पेक ‘सगळ्या मोकळ्या डिस्क घे’ असा असेल तर तो आधी ‘अनमॅनेज्ड’ करायचा. नाहीतर कोणी एखादी डिस्क ‘झॅप’ केली, म्हणजे पुसली, की हात झटकायच्या आत सेफएडीएम तिच्यावर नवा ओएसडी बसवतो.

२८ मे, बुधवार

आता खरोखर मेलेलं. सगळ्यांत संभवनीय: डीबीची एक एनव्हीएमई. ती गेली की तिच्यावरचे सहा ओएसडी एकदम गेले, डिस्क फिरत असल्या तरी. यांना वाट पाहण्यात अर्थ नाही. क्रमांक जपायचे असतील तर ‘सेफ ऑर्च ओएसडी आरएम’ला ‘रिप्लेस’ जोडायचं. ओएसडी ‘डिस्ट्रॉइड’ होतो पण क्रशमधली जागा राहते, नवी एनव्हीएमई आली की त्याच क्रमांकांनी पुन्हा बांधायचे. ‘पर्ज’ केलं तर नोडचं वजन बदलतं आणि डेटा दोनदा हलतो: एकदा काढताना, एकदा घालताना. ज्याला कायमचंच काढायचंय त्याचं आधी क्रश वजन शून्य करावं, म्हणजे हलणं एकदाच.

रिकव्हरीचा वेग. ‘मॅक्स बॅकफिल्स’ वाढवला तरी काही होत नाही अशी तक्रार नेहमीची. क्विन्सी आवृत्तीपासून एमक्लॉक (डिस्कचा वेळ कामांना वाटून देणारा सेफचा भाग) वेळापत्रक चालवतो आणि ते आकडे मुद्दाम दुर्लक्षितो. प्रोफाइल बदलायचं: दिवसा ‘हाय रिकव्हरी ऑप्स’ (रिकव्हरीला ७० टक्के राखीव), रात्री ९.४५ ला ‘हाय क्लायंट ऑप्स’ (४० टक्के), पहाटे परत. दोन क्रॉन ओळी. तरी एखादाच ओएसडी रडत असेल तर ‘सेफ कॉन्फिग डम्प’मध्ये त्याची मोजलेली आयओपीएस (सेकंदाला किती वाचणं-लिहिणं) क्षमता पाहायची, पहिल्यांदा सुरू होताना डिस्क कामात असेल तर मोजमाप फसतं आणि ते कमी माप कायमचं चिकटतं. ती नोंद काढली की मूळचे ३१५ लागू होतात. स्क्रब (साठवलेल्या डेटाची नियमित तपासणी) बंद करायची धडपड नको. रिकव्हरी चालू असलेल्या ओएसडीवर नवं स्क्रब मुळातच लागत नाही.

‘अनफाउंड’ वस्तू (असल्याचं माहीत, पण चालू डिस्कवर सापडत नाहीत अशा) दिसल्या तर हात खिशात. ‘मार्क अनफाउंड लॉस्ट’ हा शेवटचा मार्ग आहे, आणि इरेझर कोडिंगच्या पूलला ‘रिव्हर्ट’ मिळत नाही, फक्त ‘डिलीट’. आधी मेलेल्या नोडमधली एखादी तरी डिस्क दुसरीकडे वाचता येते का पाहायचं. ‘सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूल’ने पीजीचा तुकडा एक्स्पोर्ट करून दुसऱ्या थांबवलेल्या ओएसडीत इम्पोर्ट होतो.

३० मे, शुक्रवार

मॉनिटर. तीनऐवजी पाच केले, म्हणजे दोन नोड गेले तरी तिघांचा कोरम, म्हणजे निर्णयाला लागणारं बहुमत. १९ तारखेच्या चाचणीत ४ आणि ६ दोन्हींवर मॉनिटर असते आणि एकूण तीनच असते, तर आदेश द्यायलाच कोणी उरलं नसतं.

लक्षात न येणारी गोष्ट: पीजी ‘क्लीन’ नसतील तोवर मॉनिटर जुने ओएसडी नकाशे टाकून देत नाहीत. रिकव्हरी लांबली की मॉनिटरचा डेटाबेस फुगत जातो. १५ जीबीला इशारा, आणि त्याची डिस्क ५ टक्क्यांपेक्षा कमी मोकळी राहिली की मॉनिटर बंद. म्हणजे एका नोडच्या रिकव्हरीने दुसऱ्याच नोडचा मॉनिटर पाडायचा. मॉनिटरच्या डिरेक्टरीला वेगळं १०० जीबीचं विभाजन दिलं.

बराच काळ बंद राहिलेला नोड परतताना घड्याळ चुकीचं घेऊन येतो, सीमॉस बॅटरी संपलेली असते. मॉनिटरांमध्ये ०.०५ सेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही. क्रोनी जुळल्याशिवाय सेफच्या सेवा सुरूच होऊ नयेत असं सिस्टिमडीत बांधलं.

कोरमच गेला तर: वाचलेला मॉनिटर थांबवून ‘एक्स्ट्रॅक्ट मॉनमॅप’, ‘मॉनमॅपटूल’ने मेलेली नावं काढणं, ‘इंजेक्ट मॉनमॅप’, सुरू करणं. सरावासाठी हे वेगळ्या तीन व्हीएमवर केलं, चालू क्लस्टरवर नाही.

३ जून, मंगळवार

संपूर्ण वीज. ४+२ ची सगळी आकडेमोड नोड वेगवेगळे पडतात या गृहीतावर उभी आहे, आणि वीज ते गृहीत मानत नाही. प्रत्येक नोडचा एक पीएसयू एका यूपीएसवर, दुसरा दुसऱ्यावर. तपासताना नोड २ चे दोन्ही एकाच पीडीयूवर (वीज वाटणारी पट्टी) सापडले, बदलले. डीबीच्या एनव्हीएमईंना वीज जाताना आतली माहिती वाचवणारे कपॅसिटर आहेत का, हे मॉडेलवार पाहिलं. स्वस्तातल्या घरगुती एनव्हीएमई ‘लिहिलं’ असं खोटं सांगतात. वीज गेली की सातही नोडवरच्या डीबी एकाच क्षणी तुटू शकतात, आणि मग पॅरिटी कसली जोडायची?

यूपीएसवर २० मिनिटं उरली की बंद करायचा क्रम: बॅकअपची कामं, गेटवे, ‘नोआउट’ आणि ‘नोरिबॅलन्स’ (फक्त इथे क्लस्टरभर), ‘पॉज’, मग मॉनिटर नसलेले दोन नोड, शेवटी मॉनिटरवाले पाच. उठवताना उलटं: मॉनिटर, कोरम, सगळे ओएसडी ‘अप’, सगळे पीजी ‘ॲक्टिव्ह’, मग ‘पॉज’ काढणं, गेटवे, आणि ‘नोआउट’, ‘नोरिबॅलन्स’ हे झेंडे उतरवणं. सर्व्हरच्या बायॉसमध्ये ‘वीज आली की चालू हो’ हे बंद ठेवलं. वीज चार वेळा ये-जा करते तेव्हा क्लस्टरने चार वेळा उठू नये.

५ जून, गुरुवार

राहिलेलं: राखीव पेटीच्या एचबीएचं फर्मवेअर अजून एक आवृत्ती मागे. नोड ५ च्या बाँडमध्ये अधूनमधून सीआरसीच्या (पॅकेट बिघडल्याच्या) चुका वाढताना दिसतात; केबल सोमवारी बदलायची, तोवर तो पाय स्विचवर बंद. क्लायंटच्या टाइमआउटचं उत्तर आलं नाही. ‘नोआउट’ सहा तासांपेक्षा जास्त राहिला तर संदेश पाठवणारी तपासणी लावली, चाचणी व्हायची आहे.